सही कुणाची?

दुपारचे तीन वाजले की महाड औद्योगिक वसाहतीतले रस्ते अर्धा तास माणसांनी भरून जातात. पहिली पाळी सुटते, दुसरी भरते. बिरवाडीकडे जाणाऱ्या रिक्षा खच्चून भरतात, नांगलवाडी फाट्याच्या दिशेने मोटारसायकलींची रांग लागते आणि गेटासमोरच्या टपरीवर कटिंग चहाबरोबर गावच्या सरपंचापासून अमेरिकेच्या अध्यक्षापर्यंत सगळ्यांचा हिशोब होतो. मी त्या टपरीवर गेलो होतो वेगळ्याच कामासाठी. परत आलो ते एक प्रश्न घेऊन, आणि तो अजून सुटलेला नाही.

निमित्त झाला एक निळा ड्रम. समोरच्या गेटात ट्रकमधून माल उतरत होता आणि ड्रमवरच्या लेबलावर चिनी अक्षरे होती. दुसऱ्या पाळीला निघालेला पंचविशीचा ऑपरेटर ती अक्षरे बघून म्हणाला, ‘‘यांचाच माल घ्यायचा आणि गलवानला आपलीच पोरं मारून घ्यायची.’’ शेजारी बसलेला केमिस्ट म्हणाला, ‘‘हा माल थांबला तर पंधरा दिवसांत तुझा रिअ‍ॅक्टर थंड पडेल.’’ त्यात खोटे काही नाही. देशातल्या औषधांना लागणाऱ्या मूळ रसायनांचा मोठा वाटा चीनमधून येतो आणि महाडची वसाहत रसायनांवरच जगते.

गलवानवरून गाडी बासष्टच्या चीन युद्धावर गेली. ऑपरेटर म्हणाला, चीनने पाठीत सुरा खुपसला. केमिस्ट म्हणाला, आपणच चौक्या पुढे नेल्या, नेहरूंनी तयारी नसताना दम दिला. पहिली पाळी संपवून आलेला एक वयस्क फिटर म्हणाला, ‘‘दोघांचंही चूक. भांडण लावलं इंग्रजांनी. बांधाची खूण धड न घालता निघून गेले.’’ कोकणातल्या माणसाला बांधाचा वाद समजावून सांगावा लागत नाही. आवाज चढले. ‘‘तू चीनचा वकील आहेस काय?’’ इथपर्यंत गोष्ट गेली.

गेटावरच्या केबिनपाशी उभे असलेले सुरक्षारक्षक इतका वेळ गप्प होते. साठीच्या आतबाहेरचे, लष्करातून निवृत्त झालेले. वसाहतीत सगळे त्यांना सुभेदारसाहेब म्हणतात. ते चहाचा ग्लास ठेवत म्हणाले, ‘‘वीस ऑक्टोबरला पहाटे तोफ कुणी डागली, हा एक प्रश्न. आणि त्या नाल्यात आमची माणसं कुणाच्या सहीनं उभी होती, हा दुसरा. तुम्ही दोन्ही एकाच ग्लासात ओतलेत. म्हणून भांडताय.’’

एवढे बोलून ते गेट उघडायला गेले. टँकर आला होता.

फौजेची माती

हा प्रश्न महाडच्या मातीत विचारला जावा, यात नवल नाही. महाड तालुक्यातल्या एका गावाच्या नावातच फौज आहे: फौजी आंबवडे. पिढ्यान्‌पिढ्या घरटी माणूस सैन्यात, अशी त्या गावाची ओळख. पोलादपूर तालुक्यातले उमरठ हे तानाजी मालुसऱ्यांचे गाव. महाडजवळच्या रावढळचे गोपाळबाबा वलंगकर सैन्यातून निवृत्त होऊन आले आणि अस्पृश्यांच्या हक्कांसाठी उभे राहिले. सैन्यभरतीची दारे महारांना बंद झाली, त्याविरुद्ध त्यांनी अर्ज लिहिले. 1927 साली चवदार तळ्याच्या सत्याग्रहाला आलेल्यांत निवृत्त सैनिक होते. पुढे 1941 मध्ये महार रेजिमेंट उभी राहिली आणि 1962 च्या युद्धात तिच्या मशीनगनच्या तुकड्या होत्या.

इथली शेती भाताची, वर्षातून एकदाची. उरलेल्या वर्षासाठी एक तर मुंबईची गिरणी, नाही तर फौज. वसाहत आली ती नंतर. म्हणून इथल्या घरांतले युद्ध पुस्तकातले नसते. ते पेन्शनच्या कागदात, भिंतीवरच्या फोटोत आणि कधीच न सांगितलेल्या गोष्टींत असते.

महाराष्ट्रातल्या अनेक गावांत पहिल्या महायुद्धाची एक शिळा बसवलेली दिसते. या गावातून इतके पुरुष महायुद्धाला गेले, त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले, एवढाच तिच्यावरचा मजकूर. ते युद्ध कुणामुळे झाले, हे ती शिळा सांगत नाही. मराठा पलटणी तेव्हा मेसोपोटेमियात होत्या, 1916 च्या एप्रिलमध्ये कुत येथे शरण गेलेल्या फौजेतही होत्या. युरोपातल्या शेजाऱ्यांचे भांडण, आणि मरायला सह्याद्रीतली माणसे. 1919 च्या व्हर्सायच्या तहात 231 वे कलम घालून जेत्यांनी जबाबदारी जर्मनीवर आणि तिच्या साथीदारांवर टाकली. शंभर वर्षे उलटली तरी इतिहासकारांचे त्यावर एकमत नाही. दोष ठरवण्याचे काम विजेत्याच्या हाती गेले की त्याचा निकाल होत नाही, पुढच्या भांडणाचे बी पडते. जर्मनीत ते पडले आणि वीस वर्षांत उगवले.

पाच वेळा ‘का’

वसाहतीतल्या कारखान्यांत एक पद्धत शिकवतात. अपघात झाला की ‘का’ असे एकदा विचारून थांबायचे नाही, पाच वेळा विचारायचे. कामगार भाजला. का? व्हॉल्व्हमधून वाफ आली. का? गॅस्केट गेले होते. का? बदलायची तारीख उलटली होती. का? सुटा भाग स्टोअरमध्ये नव्हता. का? खरेदीच्या कागदावर सही झाली नव्हती. पहिल्या ‘का’वर थांबलात तर दोष कामगाराचा. पाचव्यापर्यंत गेलात तर दोष ऑफिसात निघतो. टपरीवरचा एक कंत्राटी कामगार मला म्हणाला, ‘‘साहेब, बहुतेक कागद पहिल्याच ओळीवर थांबतात. कामगाराचा निष्काळजीपणा.’’

बासष्टच्या युद्धाला हीच पद्धत लावून पाहू.

माणसे का मेली? 20 ऑक्टोबर 1962 च्या पहाटे चीनच्या फौजा पूर्वेला नामका चू नदीच्या काठावर आणि पश्चिमेला लडाखमध्ये तुटून पडल्या. दिवाळी आठवड्यावर आली होती. शेकडो मैलांवरच्या दोन आघाड्या एकाच सकाळी पेटतात तेव्हा ती चकमक हाताबाहेर गेलेली नसते, ते आधी आखलेले आक्रमण असते. इथे थांबणाऱ्याला दोषी चीन दिसतो.

हल्ला का केला? बीजिंगचे उत्तर तेव्हापासून एकच आहे: आम्ही स्वसंरक्षणासाठी प्रतिहल्ला केला. 2 नोव्हेंबर 1961 रोजी दिल्लीत झालेल्या बैठकीनंतर भारताने वादग्रस्त भागात पुढे पुढे लहान चौक्या बसवल्या. 1962 च्या जूनमध्ये धोलाची चौकी बसली, तीही नकाशावरच्या मॅकमहोन रेषेच्या उत्तरेला. भारताचे म्हणणे असे की रेघ डोंगरधारेवरून जाते, म्हणजे थागलाच्या धारेवरून, आणि चौकी तिच्या अलीकडेच आहे. 12 ऑक्टोबरला पंडित नेहरूंनी श्रीलंकेला निघताना पत्रकारांना सांगितले की आपला भाग मोकळा करण्यास सैन्याला सांगितले आहे. नेव्हिल मॅक्सवेल या पत्रकाराने 1970 च्या आपल्या पुस्तकात या मुक्कामावर थांबून सारा दोष भारताला दिला.

चौक्या पुढे का नेल्या? कारण चीनने अक्साई चीनमधून रस्ता काढला आणि 1957 मध्ये तो पुरा झाल्यावर आपल्याला कळले. 21 ऑक्टोबर 1959 रोजी कोंगका ला येथे आपल्या पोलीस तुकडीवर गोळीबार झाला. त्यात गेलेल्यांसाठी तो दिवस आजही पोलीस स्मृतिदिन म्हणून पाळतात. इथे थांबलात तर दोषी पुन्हा चीन.

रस्ता का काढला? 1950 मध्ये तिबेटात शिरलेल्या चीनला शिनजियांग आणि तिबेट जोडायचे होते. पुढे 1959 मध्ये ल्हासात उठाव झाला, दलाई लामा भारतात आले आणि तिबेटच्या अस्वस्थतेमागे दिल्लीचा हात असल्याचा संशय बीजिंगच्या मनात घर करून बसला. 1954 च्या पंचशील कराराची शाई तोवर फिकी पडली होती.

आणि मुळात हद्द वादाची का? कारण 1914 मध्ये सिमल्यात आखलेली मॅकमहोन रेषा चीनच्या सरकारने मान्य केली नाही. अक्साई चीनबाबत तर इंग्रजांनीच वेगवेगळ्या काळात वेगवेगळ्या रेघा सुचवल्या आणि एकही पक्की केली नाही. टपरीवरचा फिटर इथे थांबला होता.

पाच ‘का’, पाच मुक्काम. आपण जिथे थांबतो तिथे आपला दोषी उभा असतो. युक्रेनचेही तेच. 24 फेब्रुवारी 2022 ला रशियाने सैन्य घातले, तिथे थांबणारा पुतिनना धरतो. नाटो पूर्वेकडे सरकत गेली, तिथपर्यंत मागे जाणारा पश्चिमेला धरतो. दोघांच्या हातात खऱ्या तारखा असतात, म्हणून दोघेही मागे हटत नाहीत.

कारण आणि निर्णय

मग सगळेच सारखे दोषी म्हणून हात झटकायचे का? मला ते मान्य नाही. सुभेदारसाहेबांनी केलेला भेद इथे उपयोगी पडतो. कारणांची साखळी कितीही मागे नेता येते, पण निर्णय एका दिवशी, एका खोलीत, काही माणसे घेतात. हद्द संशयाची होती, हे कारण. चौकी पुढे बसवली, हेही कारण. पण दोन आघाड्यांवर एकाच पहाटे तोफा डागणे हा निर्णय होता, आणि तो बीजिंगमध्ये झाला. बांध वादाचा आहे म्हणून शेजाऱ्याच्या घरात शिरून माणसे मारायचा हक्क कुणाला मिळत नाही. युद्ध कुणी सुरू केले, या प्रश्नाचे माझे उत्तर चीन असेच आहे, आणि आपल्या चुकांची यादी कितीही लांबली तरी ते बदलत नाही.

पण या उत्तराने दुसरा प्रश्न मिटत नाही. ब्रिगेडियर जॉन दळवींची सातवी ब्रिगेड नामका चूच्या खोलगट पात्रात उभी होती आणि वरची धार चीनच्या ताब्यात होती. सुती कपडे, जुन्या थ्री-नॉट-थ्री रायफली, मोजकी काडतुसे. 22 सप्टेंबर 1962 ला दिल्लीत संरक्षण मंत्रालयात बैठक झाली तेव्हा पंतप्रधान परदेशात होते, संरक्षणमंत्री कृष्ण मेनन न्यूयॉर्कला होते. लष्करप्रमुख जनरल थापर यांनी चिन्यांना हुसकावण्याचा आदेश लेखी मागितला. तो त्यांना मिळाला आणि त्यावर सही होती एका सहसचिवाची. आघाडीवरच्या नव्या कोअरचे प्रमुख जनरल कौल आजारी पडून 18 ऑक्टोबरला दिल्लीला आले आणि अंथरुणावरून आदेश देत राहिले. दळवी 22 ऑक्टोबरला कैद झाले. सरकारी आकड्यांनुसार या युद्धात आपले 1,383 सैनिक मारले गेले, 1,696 बेपत्ता झाले आणि 3,968 कैद झाले.

वसाहतीतला कुठलाही कामगार यातली भीषणता लगेच ओळखेल. टाकीत उतरायचे किंवा वेल्डिंग करायचे तर आधी परमिट लागते. त्यावर टाकी धुतली का, वायू तपासला का, बाहेर माणूस उभा आहे का, असे रकाने असतात आणि खाली सही. रकाने रिकामे ठेवून वरिष्ठाने सही केली आणि माणूस आत गेला तर वायूला दोष देऊन कुणी सुटत नाही. वायू विषारी होता, हे खरेच. त्यात माणूस उतरवला कुणी, हेही तितकेच खरे.

मराठी माणसे, दोन टोके

या वादाने महाराष्ट्राला दूर राहू दिले नाही. 1962 च्या फेब्रुवारीतली उत्तर मुंबईची लोकसभा निवडणूक याच प्रश्नावर गाजली. एका बाजूला कृष्ण मेनन, दुसऱ्या बाजूला आचार्य कृपलानी. चीनबाबत मेनन गाफील आहेत, असा कृपलानींचा आरोप होता. मुंबईकरांनी मेनन यांना मोठ्या मताधिक्याने निवडून दिले. त्या मतदारांत कोकणातले किती चाकरमानी असतील! नऊ महिन्यांत, 7 नोव्हेंबरला, मेनन यांचा राजीनामा झाला.

कम्युनिस्ट पक्षात तर हा प्रश्न घरात शिरला. पक्षाचे अध्यक्ष श्रीपाद अमृत डांगे यांनी चीनच्या आक्रमणाचा निषेध करण्याची बाजू घेतली. बी. टी. रणदिवे दुसऱ्या गटात होते. 1964 मध्ये पक्ष फुटला. फुटीला इतरही कारणे होती, पण चीनच्या प्रश्नाने भेग रुंदावली, आणि गिरणगावात एकाच चाळीत राहणारी, एकाच लाल बावट्याखाली चाललेली माणसे दोन बाजूंना गेली. शेजाऱ्याशी झालेले युद्ध महिन्याभरात थांबले. दोष कुणाचा, यावरून घरात लागलेले भांडण पिढीभर पुरले.

आणि मग यशवंतराव चव्हाण. हिमालयाच्या हाकेला सह्याद्री धावला, हे वाक्य मराठी मुलखात तोंडोतोंडी झाले. 21 नोव्हेंबर 1962 ला त्यांनी संरक्षण खाते हाती घेतले, आणि त्याच दिवशी चीनची एकतर्फी युद्धबंदी जाहीर झाली होती. त्यांच्यापुढे उरले होते ते पराभवाचा शोध घेण्याचे आणि सैन्य पुन्हा उभे करण्याचे काम. लेफ्टनंट जनरल हेंडरसन ब्रूक्स आणि व्हिक्टोरिया क्रॉसचे मानकरी ब्रिगेडियर प्रेमिंद्रसिंग भगत यांनी चौकशी केली. तिचा विषय ठरवून दिला होता: प्रशिक्षण, शस्त्रे, आदेशांची रचना, जवानांची शारीरिक क्षमता, सेनाधिकाऱ्यांची कुवत. म्हणजे पराभवाची लष्करी बाजू. राजकीय निर्णय त्या चौकटीत नव्हते. 2 सप्टेंबर 1963 रोजी चव्हाणांनी लोकसभेत निष्कर्षांचा गोषवारा सांगितला आणि सुरक्षितता व सैन्याचे मनोबल यांसाठी अहवाल प्रसिद्ध करता येणार नाही, असे सांगितले.

चव्हाणांविषयी मला मनापासून आदर आहे. हरलेल्या सैन्याला त्यांनी तीन वर्षांत पुन्हा ताठ उभे केले, हे 1965 च्या युद्धाने दाखवले. 1963 मध्ये सीमा धगधगत असताना अहवाल कपाटात ठेवणे समजण्यासारखे होते. पण ते कपाट नंतरच्या कुठल्याच सरकारने उघडले नाही. 2010 मध्येही संसदेत सांगण्यात आले की त्यातला मजकूर आजही लष्करीदृष्ट्या महत्त्वाचा आहे. 2014 मध्ये त्याचा काही भाग आपल्यासमोर आला, तोही ज्या मॅक्सवेलने सारा दोष भारतावर टाकला, त्याच्याच हातून. आपल्या मृतांचा हिशोब आपल्याला परक्याकडून मिळावा, याची मला लाज वाटते.

टपरीवरचे भांडण मिटत नाही, त्याचे एक कारण हे आहे. कागद बंद असला की प्रत्येकजण आपल्या सोयीच्या मुक्कामावर थांबतो. नेहरूंवर राग असलेला नेहरूंवर थांबतो, त्यांच्यावर प्रेम असलेला सेनापतींवर. मग दोष इतिहासाचा राहत नाही, निवडणुकीचा होतो. आणि ‘आपली चूक काय झाली’ असे विचारणाऱ्याला ‘चीनचा वकील’ म्हणणे सोपे जाते.

सावित्रीकाठी

अहवाल म्हणजे काय, हे महाडकराला दिल्लीने शिकवायला नको. 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री सावित्रीच्या पुरात ब्रिटिशकालीन पूल कोसळला आणि दोन एसटी बस माणसांसकट वाहून गेल्या. त्याच वर्षी मे महिन्यात पुलाची पाहणी होऊन तो वाहतुकीला योग्य असल्याचे सांगितले गेले होते. नदीला दोष देणारे होते, आणि पाहणीच्या कागदावर सही कुणाची, असे विचारणारेही होते. नवा पूल 165 दिवसांत उभा राहिला. त्या पुलावरून जाताना अजूनही एसटीत कुणीतरी हात जोडतो. 2023 च्या नोव्हेंबरमध्ये वसाहतीतल्या एका कारखान्यात आग लागली आणि 11 कामगार गेले. दर वेळी घरचे लोक विचारतात ते एकच असते. सूड कुणाला नको असतो. नेमके काय घडले, आणि ते पुन्हा घडू नये म्हणून कुणी काय केले, एवढेच हवे असते.

दोष ठरवण्याचा खरा उपयोग एवढाच आहे. मेलेला परत येत नाही, पण पुढच्या पाळीचा माणूस वाचतो. 15 जून 2020 च्या रात्री गलवानच्या खोऱ्यात आपले 20 सैनिक गेले. तीही संदिग्ध रेघ, तोही ऑक्सिजन कमी असलेला डोंगर. बासष्टचा धडा पुरता वाचलाच नसेल, तर पुढच्या डोंगरावर उभ्या राहणाऱ्या मुलाला आपण काय सांगणार?

दुसऱ्या खेपेला गेलो तेव्हा सुभेदारसाहेबांशी निवांत बोलणे झाले. त्यांचे चुलते बासष्टला तिकडे होते, कैद झाले आणि पुढल्या वर्षी परतले. ‘‘काका चिन्यांना शिव्या द्यायचे?’’ मी विचारले. ‘‘द्यायचे की. पण बूट घालताना गप्प व्हायचे. शेवटपर्यंत हिवाळ्यात बोटं दुखायची त्यांची. म्हणायचे, गोळी त्यांची होती, बूट आपले होते.’’

बोलता बोलता एक टँकर गेटाशी आला. सुभेदारसाहेबांनी नोंदवही ओढली. गाडीचा नंबर, माल, वेळ, चालकाचे नाव. चालकाने घाईत वही परत सरकवली आणि गाडीकडे वळला. त्यांनी त्याला हाक मारून परत बोलावले, शेवटच्या रकान्यावर बोट ठेवले आणि त्याने सही करेपर्यंत दांडी वर उचलली नाही.